छत्तीस चिंचोक्यांचा रोल

प्रिय नाना,

काल शनिवार होता आणि काल आपला रोल बघितला. तुमच्या नियमाप्रमाणे संध्याकाळच्या चहाबरोबर, टीव्हीवर, खोलीतला दिवा मालवून. तुम्ही अर्धा टाकून गेलेला रोल एकदाचा संपला, हे तुम्हाला कळवायला नको का? अमोल तुमचा मुलगा असला तरी पत्रं लिहिणाऱ्यांतला नाही. तेव्हा हे काम सुनेकडेच आलं.

बाहेर कोणाला सांगितलं तर हसतील हो! डिजिटल कॅमेऱ्याला कसला आलाय रोल?

त्याला मी तरी काय करू? ठाण्याच्या त्या दुकानात तुम्हाला सोबत नेलं, तिथेच हे सगळं सुरू झालं. मी त्या कॅमेऱ्यासाठी किती दिवस झुरत होते, ते घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. काचेच्या कपाटात तो दिसला. वरून चंदेरी, पोटाला काळं चामडं, डोक्यावर आकडे कोरलेल्या चकत्या आणि कोपऱ्यात डोळा लावायची खिडकी. पाहताक्षणी तुम्ही ओरडलात, "अगं मुग्धा, हा तर माझाच!"

तुमचा खरा कॅमेरा घरी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत पडून होता. त्याच्या काचेला बुरशी लागली होती आणि त्याचे रोल मिळेनासे झाले होते. दुकानदार म्हणाला, "काका, दिसायला जुना आहे, आतून एकदम नवा." तुमचं लक्ष कुठे होतं त्याच्याकडे! तुम्ही वरची चकती फिरवत होतात. कट्, कट्, कट्. तो आवाज ऐकताना तुमचा चेहरा असा झाला होता की मी मनात म्हटलं, घेतलाच. (किंमत माईंना अजूनही खरी सांगितलेली नाही. तुम्हीही वर कोणाला सांगू नका.)

घरी आल्यावर तुम्ही तो उलटा केलात आणि हिरमुसलात. "मागे हा टीव्ही कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येते तो काय! मागच्या स्क्रीनवर जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा मापात कापून काळ्या चिकटपट्टीने बसवलेला. वर तुमचे कायदे. फोटो काढल्या काढल्या बघायचा नाही. छत्तीस झाले की रोल संपला. मग शनिवारपर्यंत थांबायचं, कारण रोल धुवायला वेळ लागतो! अमोलने कपाळाला हात लावला. "अहो नाना, एवढा भारी कॅमेरा आणि स्क्रीन झाकून टाकलीत? धन्य आहात दोघं!"

आणि छत्तीस मोजायचे कसे? तर चिंचोके. पँटच्या डाव्या खिशात छत्तीस चिंचोके भरायचे आणि फोटो काढला की एक उजव्या खिशात टाकायचा. मला हसू आवरेना. पण खरं सांगू? कॅमेऱ्याची मजा मला त्या चिंचोक्यांमुळेच कळली. मोबाईलवर मी एका फुलाचे वीस फोटो काढायची आणि एकही धड बघायची नाही. तुमच्याबरोबर कोपरच्या खाडीवर गेले की एका चिंचोक्यासाठी तास मोडायचा. तिथले होडीवाले शेवटी वैतागायचे. "काका, फोटू काराचा त कारा, पानी काय थांबाचा नाय!" तुम्ही मात्र खिडकीला डोळा लावून ढिम्म.

गेल्या दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून जमलेल्या गर्दीत त्या कुर्त्यातल्या पोरांनी तुम्हाला घेरलं होतं. "आजोबा, कसला भारी पीस आहे! आमचा एक काढा ना." तुम्ही काढलात. "दाखवा ना." तुम्ही म्हणालात, "शनिवारी." त्यांचे चेहरे आठवतात का? त्यातला एक खरोखरच पुढच्या शनिवारी पत्ता शोधत आला, आणि माईंनी त्याला फराळाला बसवलं.

माईंचं मात्र तुमच्या कॅमेऱ्यांशी जुनं वाकडं होतं. त्यात त्यांची काय चूक? पूर्वी रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला देता यायचा नाही. सहलीचे, बारशाचे फोटो काढून झाले की दोनतीन उरायचे, आणि ते संपवायला तुम्ही घरात जे समोर दिसेल ते टिपायचात. समोर कोण असणार? माईच! "शेवटचा घरचा," असं म्हणत तुम्ही बटण दाबायचात. म्हणून सगळ्या आल्बममध्ये माई अशाच. हातात लाटणं, केसांना पंचा, भाजीवाल्याशी हुज्जत घालताना तोंड उघडं. एकात तर त्या शिंकताहेत. लग्न होऊन आले तेव्हा मला आल्बम दाखवताना त्या म्हणाल्या होत्या, "बघ बाई, मी म्हणजे ह्यांच्या रोलचं शेपूट."

तुम्ही हसलात तेव्हा. नाना, तुम्ही हसायला नको होतं.

मग तुम्ही गेलात. गुढीपाडव्याला सुरू केलेला रोल संपत आला होता. नंतर माई तुमचे कपडे आवरायला बसल्या आणि दाराला अडकवलेल्या पँटच्या डाव्या खिशातून सात चिंचोके निघाले. माईंनी ते माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "एवढेच राहिलेत? मग बघू या की. ह्यांनी काय काय काढलंय ते."

अमोल म्हणाला, "अगं, कार्ड काढून लॅपटॉपला लाव ना. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचंच होतं. पण कायदा तुमचा होता, आणि मला तो मोडवेना. रोल संपवायचंही होईना. तुम्ही काढलेलं, आम्ही न बघितलेलं असं काहीतरी घरात आहे, एवढ्यावर मी महिनोन्महिने काढले. ते बघून टाकलं की तुमच्याकडून नवीन काही यायचं नाही, ही भीती होती मला. माई दर शनिवारी चहा घेताना नुसत्या माझ्याकडे बघायच्या.

दिवाळी आली. पहिलं वर्ष, म्हणून घरात ना कंदील ना कढई. शेजाऱ्यांनी फराळ आणून दिला. नरक चतुर्दशीला पहाटे उठून मी चहा घेत होते, तर माईंनी कॅमेरा माझ्यासमोर आणून ठेवला. "आपण सण करायचा नाही, बरोबर आहे. पण फडके रोडवर जाऊन ये. ह्यांचं काम अर्धं ठेवू नकोस. मला बघायचंय गं आता."

गेले. तीच गर्दी, तेच नवे झब्बे, साडी सावरत चालणाऱ्या मुली. पहिले दोन चिंचोके नुसते काम म्हणून टाकले. तिसऱ्यापासून मात्र मला मजा यायला लागली, नाना! चक्क मजा! फुलवालीच्या टोपलीवर तिरपं ऊन आलं, तेव्हा "थांब, अजून थोडं येऊ दे," असं मी मोठ्याने म्हटलं. तुमच्याच सुरात.

एक चिंचोका घरी आणला. शेवटचा घरचा. मी माईंपुढे कॅमेरा धरला तर त्यांनी हात आडवा केला. "मला शेवटाला धरू नकोस. पुष्कळ झालं. आण इकडे, मी काढते तुमचा." अमोल आणि मी दारात उभे राहिलो. माईंनी कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हे पुढचं झाकण काढायचं असतं ना?"

"अहो माई, काढायचं म्हणजे काय! नाहीतर फोटो येणार कसा?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. "हं," एवढंच म्हणाल्या.

तर काल संध्याकाळी अमोलने जोडाजोड केली आणि आम्ही तिघं बसलो. तुमच्या खुर्चीत कोणी बसलं नाही, कारण तिथे लाडवांचा डबा होता. तुम्ही पाडव्याला मला काय सांगितलं होतं? "ह्या रोलचा पहिला फोटो बघशील तेव्हा तोंडात बोट घालशील." अमोलने बटण दाबलं.

काळा.

पूर्ण काळा, नाना! डांबरासारखा. अमोल टीव्हीच्या वायरी तपासायला लागला. माझ्या मात्र लगेच ध्यानात आलं. आपली डोळा लावायची खिडकी वेगळी, पुढच्या काचेच्या शेजारी. झाकण तसंच राहिलं तरी डोळ्याला सगळं छान दिसतं, आणि मागची स्क्रीन तर तुम्ही पुठ्ठ्याने बुजवलेली! काय म्हणावं तुम्हाला?

तेवढ्यात माई म्हणाल्या, "हा माझा."

अमोलने हातातली वायर खाली ठेवली.

"पाडव्याला गुढी उभारल्यावर मला म्हणाले, ती मोरपंखी साडी नेस, आणि खिडकीशी बस. केस विंचरायला लावले. म्हणाले, नवा रोल घातलाय, ह्या वेळी पहिला तुझा." माई पदराशी चाळा करत होत्या. "मला तेव्हाच दिसलं, पुढे काहीतरी काळं बसवलेलं आहे. म्हटलं, नव्या तऱ्हेचा आहे, असेल तसंच."

"अगं आई, मग विचारायचं ना त्यांना!" अमोल म्हणाला.

"इतक्या वर्षांनी पहिला नंबर लागला होता. मध्ये बोलून कशाला मोडू?"

आणि मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग आम्हीही. तुमचे बाकीचे फोटोही बघितले हो. खाडीतला बगळा झकास आलाय, कळव्याच्या पुलावरचं ऊनही. माईंनी काढलेल्या शेवटच्या फोटोत अमोलचं डोकं कापलंय. पण माईंनी पुन्हा पुन्हा लावायला लावला तो तुमचा काळाच. "आणखी एकदा लाव रे," असं त्या म्हणायच्या आणि शांतपणे बघत बसायच्या. मला काळं दिसत होतं. त्यांना बहुतेक त्यामागचे तुम्ही दिसत असणार, एक डोळा मिटून, बोटाने जरा डावीकडे सरक म्हणून खुणावणारे.

नाना, इतके महिने मी उगीच घाबरत होते. काहीच संपलं नाही.

फोटो छापणारा उद्या म्हणेल, "मॅडम, हा काळा आलाय, काढू का?" मी सांगीन, मोठ्या आकारात काढ. माईंनी आल्बमचं पहिलं पान रिकामं करून ठेवलंय. स्क्रीनवरचा पुठ्ठा तुम्ही लावलात तसाच राहील. छत्तीस चिंचोके मी धुऊन पुसून माझ्या पर्समध्ये घेतलेत. सकाळी ऊन खिडकीत आलं की माई मोरपंखी साडी नेसून बसणार आहेत, आणि नव्या रोलचा पहिला चिंचोका त्यांचा असेल, हा माझा तुम्हाला शब्द.

झाकण काढूनच.

तुमची,
मुग्धा