मेंदीला मामाचा बँड नको

पेण,
ता. २ डिसेंबर १९९६

ती. स्व. आयझॅकमामांस,
डेबोराचा सा. न. वि. वि.

माझं नि आरोनचं लग्न तीस तारखेला, मेंदी आदल्या दुपारी, हे पप्पांनी कळवलंच असेल. मी वेगळ्याच कामासाठी लिहिते आहे, रागावू नका. मेंदीला तुमचा बँड नको, आपणच वाजवतो, असं आरोनचं म्हणणं आहे. इस्रायलला तो दिवसा वायरिंगची कामं करतो आणि शनिवार सरला की एका तळघरात नाचणाऱ्या पोरांसाठी संगीत लावतो. ते रेडिओवर कधी येत नाही. शब्द नसतात, नुसता ठेका आणि त्यावर चढत जाणारे आवाज. इथे मिक्सर (आवाज मिसळायचं यंत्र) मिळेल का, असं त्याने विचारलं, तर आईने कळवलं, आमच्याकडे हाय, चटणी बारीक वाटतो!

लग्नात मात्र तुम्हीच वाजवायचं. ज्युडिथमामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली भाची,
डेबोरा

अष्टमी, रोहा,
ता. ६ डिसेंबर १९९६

चि. डेबोरास, मामाचे अ. उ. आ.

तीस वर्षं मी क्लॅरोनेट वाजवतोय. सिनेमातलं नवं गाणं आलं की आठवड्यात बँडातल्या जनूच्या ढोलावर बसवतो. लोकांना येतं तेच लोकांना हवं असतं. शब्द नाय, चाल नाय, मग माणसं गुणगुणणार काय? आमच्या कंपनीतला बॉयलर पण तसाच वाजतो, त्याला बोलाव मेंदीला. मी लग्नातही वाजवणार नाय, जेवून परत येईन. मामी म्हणते, मी पोरासारखा रुसलोय. असेन.

तुझा,
आयझॅकमामा

पेण,
ता. ११ डिसेंबर १९९६

ती. स्व. मामांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला दाखवलं नाही. सोबत आरोनची कॅसेट पाठवते. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला कंटाळा आला. मग ती लावून वाल सोलायला बसले, तर थोड्या वेळाने माझे हात त्याच ठेक्यावर चालत होते. एकदा ऐका. जानेवारीत मी जाणार. तुम्ही रुसलेले असताना विमानात कशी बसू?

आपली,
डेबोरा

अष्टमी, रोहा,
ता. २० जानेवारी १९९७

चि. सौ. डेबोरास, अ. उ. आ.

तू सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं, मामीने दोनदा वाचून घेतलं.

मेंदीच्या दुपारी मी क्लॅरोनेट मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलो होतो, ते तुम्ही पाहिलंत. कॅसेट चारदा ऐकून आलो होतो, पण शिरायला जागा सापडेना. आपल्या गाण्यात मुखडा संपतो, अंतरा येतो, तिथे मी श्वास घेतो. इथे ठेका थांबतच नव्हता. मिठागरातली सीताबाई तिथल्या बायका घेऊन नाचायला उतरली, जनूनेही ढोल मिसळला, मी तेवढा बाहेर. तेवढ्यात आरोनने माझ्याकडे पाहिलं. एकेक आवाज खाली नेला, नुसता ठेका ठेवला आणि वाट बघत राहिला. मग मी एका जुन्या गाण्याची चाल धरली. किती वेळ वाजवलं कुणास ठाऊक. ओठ सुजले, पण लग्नातही तसाच वाजवत राहिलो.

डेबोरा, राग त्या संगीताचा नव्हता गो. आरोन तुला न्यायला येणार होता, म्हणून त्याचं सगळंच वाईट वाटत होतं. मामीला हे आधीच कळलं होतं. मला तू गेल्यावर कळलं.

आता काळजी नाय. म्हाताऱ्याच्या सुरासाठी जो आपला आवाज खाली करतो, त्याच्या घरी तुझं बोलणं ऐकलं जाईल. त्याला माझे आशीर्वाद सांग, आणि आम्हां दोघांना विसरू नको.

तुझा,
आयझॅकमामा