कँडलविकचं कोरं कापड

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला भरतकामाला कँडलविकचं कापड पाठवलंय, मिळालं असेलच. कोरं होतं, पिवळट आणि खळीचा वास मारणारं, म्हणून गरम पाण्यातून दोनदा काढलं, कडक इस्त्री केली. आता म्हण, ठमीला काही कळत नाही!

एक काम होतं. मी कामाला आहे त्या दुकानात गोंडेवाल्या चादरी आल्यात. मालक म्हणतात, कँडलविक म्हणजे काय ते पाटीवर लिहा. परवा एक बाई चादरी सोडून मेणबत्त्याच मागत बसल्या. कँडलविक दोऱ्याला म्हणायचं, कापडाला की चादरीला? आपल्या घरी तर सगळ्यालाच म्हणायचे.

आईला इकडे आणायचं मी विसरलेले नाही. पण दीड खोली, त्यात ह्यांची रात्रपाळी. उन्हाळ्यानंतर बघू. रागावू नकोस.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी ठमी


२९ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण बसायलाच मिळत नाही. पाटीवर लिही, मूळ अर्थ मेणबत्तीची वात. तसल्याच जाड, मऊ सुती दोऱ्याने टाके घालून ते कातरले की गोंडे उठतात. म्हणून तो दोरा, ते भरलेलं कापड आणि त्याची चादर, सगळंच कँडलविक. आईच्या तोंडी हल्ली चष्मासुद्धा कँडलविकच असतो.

आता तुझा पराक्रम ऐक. हे काम कोऱ्या कापडावरच करतात, बये. भरून झाल्यावर धुतलं की कापड आटतं आणि गोंडे घट्ट धरून ठेवतं. तू ते आधीच आटवून पाठवलंस. आई थरथरत्या हातांनी भरते आणि चादर जरा झटकली की गोंडे जमिनीवर. तिला नीट दिसत नाही हे एका परीनं बरंच. दुपारी तिचा डोळा लागला की मी पायथ्याशी बसून एकेक गोंडा मागच्या बाजूने गाठ मारून पक्का करते. तिचा हिरमोड मला बघवणार नाही.

पण मी थकलेय गं. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं आणि संध्याकाळी शिवणाच्या कारखान्यात पाळीला उभं राहायचं. परवा तिच्यावर ओरडले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. बदली दुसरं कापड पाठवू नकोस. हा हिवाळाभर आईला ने.

लवकर उत्तर दे, एवढी माया कर.
तुझी ताई


५ डिसेंबर

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

ताई पाळीला गेलीय, म्हणून शेजारणीकडून लिहून घेतेय. कापड हाती आलं तेव्हाच कळलं की ते धुतलेलं आहे. बोटं अजून शाबूत आहेत माझी. तू हौसेनं पाठवलेलं, म्हणून बोलले नाही. शिवाय मी डोळे मिटले की ताई माझ्याजवळ बसते. एरवी ती बसते कुठे? झोपेचं सोंग घेऊन तिची चाहूल ऐकत पडायचं, तेवढंच माझं सुख होतं.

काल गाठी मारता मारता ती माझ्या पायांवर डोकं टेकून झोपली. मी हलवलं तर दचकून उठली आणि म्हणाली, माफ करा बाई, पुन्हा नाही होणार. मी तिला कारखान्यातली मुकादमीण वाटले.

मला घेऊन जा. जागा नसेल तर दाराशी अंथरूण टाक. मात्र मी सांगितलं हे ताईला कळू देऊ नकोस, नाहीतर आपल्यामुळेच आई गेली, असं ती मनाला लावून घेईल. तुला माझ्यावाचून करमत नाही, तुलाच मी हवी आहे, असं तिला लिही.

खोटं लिहावं लागलं तरी लिही.

आशीर्वाद आहेतच.
तुझी आई