गरुडाचं कार्ड

१ जानेवारी, बुधवार

नववर्षाची उपासना अडीच तास चालली. तमिळ गाणी आता तोंडपाठ आहेत, अर्थ निम्माच कळतो. नगर सोडून इथं चेन्नईत, अंबत्तूरला आलो त्याला एकोणतीस वर्षं झाली, तरी तमिळ अक्षर मी बोट ठेवूनच वाचतो. लेक, करुणा, घरीच होती. कुबड्या घेऊन एवढा वेळ बसणं तिला जमलं नसतं.

शेवटी वचनाची कार्डं. दरवर्षीचं. पास्टर स्टीलचं ताट घेऊन उभे, कार्डं पालथी. प्रत्येकानं एक उचलायचं. जे निघेल ते देवानं त्या माणसाला त्या वर्षासाठी दिलेलं अभिवचन. घरी कोणी आजारी असेल तर त्याच्या नावानं दुसऱ्यानं उचलायचं. मी दोन उचलली. आधी माझं. मग डोळे मिटून, प्रार्थना करून करुणाचं.

स्कूटरच्या सीटवर ठेवून वाचली. माझ्या कार्डावर गरुडाचं चित्र. देवाची वाट पाहणारा गरुडासारखा वर जाईल, धावून दमणार नाही, चालून थकणार नाही, अशा अर्थाचं. करुणाच्या कार्डावर नुसता मुकुट. मरेपर्यंत विश्वासू राहा, मग मुकुट मिळेल.

मरेपर्यंत. चोवीस वर्षांच्या पोरीला.

तिचं पाकिटात घातलं, माझं तिला दिलं. घरातल्या घरात अदलाबदल, बाहेरच्या कुणाचं काही घेतलं नाही. कार्ड वाचून तिचा चेहरा असा उजळला की मी चहा टाकायला आत निघून गेलो.

३ जाने.

नीट लिहून ठेवतो, डोकं चालत नाही. डावा पाय, गुडघ्याच्या वर, हाडाचा कॅन्सर. केमोचे तीन डोस झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय वाचवायची वेळ गेली. मांडीतून काढला तर पोरगी वाचायची चांगली आशा आहे. २० तारखेला भरती. नाताळनंतर हे कळलं तेव्हा करुणा दोन दिवस रडली, मग म्हणाली, "चला पप्पा, होऊन जाऊ दे." एवढं शहाणपण तिच्यात आईकडून आलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली, पण माझ्याकडून नक्कीच आलेलं नाही.

गरुड तिनं आरशाला चिकटवलाय.

५ जाने., रवि.

पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी दुपारी आपल्या मराठी मंडळींची मुलं घरी येतात. सात जण. करुणा कॉटवर बसून शिकवते. सध्याचा विषय बायबलमधल्या दर्शनांतले प्राणी. पुठ्ठ्यावर रंगवून कापते आणि दोऱ्याला लटकवते. आज दानीएलाला दिसलेले चार. पंखवाला सिंह, तोंडात फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, आणि चौथा लोखंडी दातांचा, ज्याला नावच नाही.

जोआना आठ वर्षांची. म्हणाली, "टीचर, देव त्यांना लगेच का नाही फिनिश करत?"

करुणा म्हणाली, "त्यांना वेळ दिलाय, राज्य नाही दिलं. ते गुरगुरतात तेवढा वेळ आपण आपल्या जागेवरून हलायचं नाही. एवढंच काम आहे आपलं."

मी स्वयंपाकघरात केक कापत होतो. मनात म्हटलं, वा. कुठून सुचतं हिला.

मग म्हणाली, "आणि ईस्टरला मी चालत चर्चला येणार. कुबड्या नाही, काही नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, नकली पायानं म्हणत असेल.

८ जाने.

नकली पायानं नव्हतं. ऑपरेशन करायचं नाही म्हणाली.

"देवानं लिहून दिलंय पप्पा. चालशील म्हणून. तुम्ही तुमच्या हातानं उचललंत माझ्यासाठी."

मी म्हटलं, अगं, छापील कार्डं असतात ती. तर म्हणते, "माझी लहानपणापासूनची कार्डं तुम्हीच जपून ठेवलीत ना? तेव्हा छापील नव्हती?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही, पण दुसरी म्हण सुचत नाही.

९ जाने.

कामावर गेलो. इन्स्पेक्शनच्या टेबलावर दिवसभर बुश, मशीनमधल्या पोकळ कड्या, तपासले. मापाचा गेज भोकात गेला तर पास, नाही गेला तर लाल डबा. इतक्या वर्षांत लाल डब्यातला एक पीस हिरव्यात टाकला नाही. सुपरवायझर बोंबलला तरी नाही. आणि घरी?

सांगावं तर ती विचारणार, मग माझं कुठलं? मग ते दाखवावं लागणार. मरणाचं कार्ड हातात पडलं की पोरगी हातपाय गाळेल. मग ऑपरेशन काय आणि औषध काय.

११ जाने.

हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समजावलं. करुणा हसून ऐकत होती, तेच वाईट. तिला बाहेर पाठवून बाईंनी मला विचारलं, "सर, चर्चमध्ये कोणी काही सांगितलं का हिला?"

मी म्हटलं, नाही.

खोटं नाही. चर्चमध्ये कोणी नाही.

स्क्रीनवर गाठ दाखवली. हाड कुरतडल्यासारखं. मला तो चौथा आठवला, नाव नसलेला. बाई म्हणाल्या, फार तर तीन आठवडे थांबता येईल, आणि पायावर भार अजिबात नको, हाड केव्हाही मोडेल.

१४ जाने., पोंगल

शेजारच्या पद्माबाई गोड पोंगल घेऊन आल्या. तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी ऐकली की वाटतं कोणी जुनी पोथी वाचतंय. करुणाचं तोंड केमोनं सोललंय म्हणून बिनमिरचीची डांगर पच्चडी, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वेगळी आणली होती.

"अण्णा, तुम्ही जेवलांत कीं नाही? तोंड कां असं उतरलंय?"

म्हटलं, पोरगी ऑपरेशनला नको म्हणते.

"अय्यो. तुम्ही सांगा. बापानं सांगितल्यावर लेकरूं ऐकेल."

बापानं काय सांगितलंय ते यांना कुठं माहीत. पच्चडी करुणानं चाटूनपुसून खाल्ली. किती दिवसांनी पोटभर जेवली.

१६ जाने.

पास्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, पाकिटातलं कार्ड दाखवलं. साठीचा माणूस. मला वाटलं रागावणार. तर म्हणाले, "ब्रदर, ती कार्डं मी शिवकाशीच्या छापखान्यातून आलेल्या पेटीतून घेतो. चांगली चांगली निवडतो. हे एक का ठेवलं म्हणून दरवर्षी कोणीतरी भांडतं. मी ठेवतो. कोणाला तरी ते लागत असेल."

मी म्हटलं, तुम्हीच येऊन सांगा तिला.

"मी सांगितलं तर कार्ड खोटं ठरेल. तुम्ही सांगितलं तर फक्त तुम्ही खोटे ठराल. तुम्ही सांगा."

बरोबर बोलले. राग आला तरी बरोबर.

१९ जाने., रवि.

आज सांगायचंच ठरवलं होतं. वर्ग संपला की.

आज योहानाचं दर्शन. आधी चार जिवंत प्राणी. सिंहासारखा, वासरासारखा, माणसाच्या तोंडाचा, उडत्या गरुडासारखा. अंगभर डोळे. पोरांनी डोळे कापून चिकटवले, घरभर डोळेच डोळे, माझ्या चपलेलाही एक चिकटला. मग कोकरा. करुणा सांगत होती, "सिंह आला म्हणून हाक ऐकू आली, आणि योहानानं वळून बघितलं तर कोकरा. कापलेला. गळ्यावर घाव. पण उभा."

जोआना म्हणाली, "बरा नाही झाला?"

"नाही. घाव तसाच. देवानं तो पुसला नाही. घावासकट उभं राहता येतं, हे दाखवायला."

मी दारात उभा. मला वाटलं, आता ही स्वतःच ऐकेल स्वतःचं बोलणं. क्षणभर थांबली खरी. मग कात्री मागितली.

मुलं गेल्यावर म्हणाली, "पप्पा, मला आज फार छान वाटतंय." सांगितलं नाही. भित्रा, भित्रा, भित्रा.

२० जाने.

भरतीचा दिवस. गेलो नाही. दुपारी फोन आला, बेड दुसऱ्याला दिला. करुणा झोपली होती. मी तिच्या पायाकडे बघत बसलो. लहानपणी याच पायातलं पैंजण चोखायची.

२३ जाने.

कामावर असताना पद्माबाईंचा फोन. करुणानं कुबड्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि चालायला लागली. न्हाणीघरात नाही, निसटून नाही. मुद्दाम. कॉटपासून दारापर्यंत, चालून थकणार नाही म्हणून. चौथ्या पावलाला हाड मोडलं. आवाज पद्माबाईंना पलीकडच्या घरात ऐकू आला. त्या धावत आल्या आणि त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पोरगी ओरडून ओरडून गप्प झाली होती. मला बघून म्हणाली, "माझा विश्वास कमी पडला, पप्पा."

देवा, हे मी ऐकायचं?

२४ जाने.

डॉक्टरीणबाई: हाड मोडल्यावर गाठ आजूबाजूला पसरते. आता मांडीतून भागणार नाही, खुब्यापासून काढावा लागेल. छातीचा स्कॅन पुन्हा. २० तारखेला आला असतात तर, एवढंच म्हणून थांबल्या. भल्या बाई. पुढचं मला पाठ होतं.

२५ जाने.

सांगितलं.

पाय वजन लावून ताणून ठेवलेला, हातात सलाईन. मी स्टूलावर. ताट, दोन कार्डं, स्कूटर, पाकीट, सगळं. चालशील ते माझं होतं म्हणालो. तुझा विश्वास कमी पडला नाही, तुझ्याकडे माल चुकीचा आला, आणि तो पाठवणारा मी.

तिनं हात पुढे केला. मी पाकिटातलं कार्ड दिलं. तिला बोट ठेवावं लागत नाही, तिचं तमिळ माझ्यासारखं नाही. एका नजरेत वाचलं. मग परत वाचलं.

मी म्हटलं, मला भीती वाटली. मरेपर्यंत असं लिहिलेलं तुझ्या हातात कसं देऊ.

म्हणाली, "हे मिळालं असतं तर मी वीस तारखेला आले असते."

बस. एवढंच. मग तोंड भिंतीकडे.

२६ जाने.

बोलत नाही. नर्सशी बोलते, पद्माबाईंशी बोलते. माझ्या हातचं पाणी घेते, बघत नाही.

मी विचार करतोय. मला त्या ओळीत फक्त मरण दिसलं. तिला पहिल्याच वाचनात विश्वासू दिसलं असतं. सहन करायचंय हे तिला केव्हाच ठाऊक होतं. कोणीतरी तसं तोंडावर सांगावं एवढीच तिची गरज होती. मी तिला हलकं काहीतरी दिलं, तापाच्या पोराला बर्फाचा गोळा द्यावा तसं.

नाताळनंतर दोन दिवस रडून जी पोरगी उठली ती माझ्यापेक्षा दणकट होती. तिला मी कच्ची केली.

२९ जाने.

ऑपरेशनला हो म्हणाली. मला नाही, डॉक्टरीणबाईंना. तारीख ४. सहीचा कागद तिनं स्वतः मागून घेतला. स्कॅनचा रिपोर्ट अजून नाही.

२ फेब्रु., रवि.

वर्ग मोबाइलवर. मुलं जोआनाच्या घरी जमली. मी वॉर्डाच्या दाराशी, आत जायची हिंमत नव्हती, पण आवाज येत होता. आज सात डोक्यांचा अजगर. सूर्य पांघरलेल्या बाईचं बाळ गिळायला टपलेला.

"मग त्या बाईला मोठ्या गरुडाचे दोन पंख दिले," करुणा सांगत होती. मध्येच थांबली. धाप लागत होती. "ते कशाला, सांगा. लढायला नाही. पळून जायला. कुठं? रानात. आणि रानात काय करायचं तिनं?"

पलीकडून एक पोरगा म्हणाला, घर बांधायचं.

"काही नाही. दिवस काढायचे. तिथं तिला कोणीतरी खायला घालतं. अजगर मेला नाही, बाहेर हिंडतोच आहे. ती टिकली, बस."

कोणीतरी विचारलं, टीचर, तुमचा पाय कधी बरा होणार?

"बरा नाही होणार रे. जाणार आहे."

फोन बंद करून तिनं वर बघितलं. मी दारात दिसलो. वाटलं, बोलेल. उशी सरकवून द्या म्हणाली. दिली. आठ दिवसांत पहिलं वाक्य.

३ फेब्रु.

रिपोर्ट आला. छातीत दोन बारीक ठिपके. कॅन्सर असेल, नसेलही. ऑपरेशन तरी करायचंच, मग परत केमो, मग बघू. बाई "बघू" म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या चपला बघत होतो.

करुणाला तिथंच सांगितलं. मी म्हटलं, नंतर सांगूया का. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. करुणा म्हणाली, "सांगा डॉक्टर. माझ्यापासून आता काही लपवायचं नाही."

ऐकून घेतलं. रडली नाही. मी बाहेर जिन्यात बसून रडलो.

४ फेब्रु.

सकाळी सात. नर्स कागद घेऊन आली. ऑपरेशननंतर आत एकाच माणसाला बसता येतं, पास त्याच्याच नावाचा, नाव लिहायचंय, कोणाचं लिहू. मी पेन काढलं होतं.

करुणा म्हणाली, "पद्मा आंटी."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा.

पद्माबाई गोंधळल्या. "अण्णा, मी कशी? तुम्ही बाप." मी म्हटलं, तिनं सांगितलंय ना, तुम्हीच बसा. तिला तहान लागली तर ओठ फक्त ओले करा, पाणी देऊ नका.

साडेआठला आत नेलं. स्ट्रेचर माझ्या जवळून गेलं. मी हात लावला, कपाळाला. हात काढा म्हणाली नाही. डोळे मिटलेले होते, झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे कळलं की नाही ते माहीत नाही.

आता अकरा. खाली बाकावर बसलोय. वॉचमननं दोनदा उठवलं, पास नसलेल्यांनी इथं बसायचं नाही म्हणून. तिसऱ्यांदा आला तेव्हा विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण?

वडील, म्हणालो. मग पास कुठाय, म्हणाला.