श्लेच्या झाडावरची मोहीम

२ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून युद्ध. खारींनी माझ्या बायकोच्या, वर्नेलच्या झाडावरची अक्रोडासारखी पेकानं पळवायला सुरुवात केली आहे. हे श्ले जातीचं झाड सासरेबुवांनी तिच्या जन्माच्या दिवशी लावलं. बावन्न वर्षं झाली. कवच इतकं पातळ की दोन दाणे मुठीत दाबले की फुटतात. शेजारच्या माझ्या स्टुअर्ट जातीच्या झाडाच्या पेकानांना हातोडी लागते, म्हणून खारीही त्यांना दुसरा नंबर देतात. संकल्प: शनिवारपर्यंत एकही खार जिवंत ठेवायची नाही.

५ ऑक्टोबर
सात गोळ्या. एक खार ठार, एक जखमी. जखमीला शेपटीने उचललं, तर तिने माझा अंगठा फोडला. चार टाके. स्वयंपाकघराची खिडकीही फुटली. वर्नेलने आतून विचारलं, खार घरात शिरली होती का? मी म्हटलं, तिचा बेत तसाच होता.

९ ऑक्टोबर
खारी स्टुअर्टवरून श्लेवर उडी मारतात. ती फांदी करवतीने उडवली. खुराड्यावर पडली. तीन कोंबड्या ठार. रस्सा उत्तम झाला. वर्नेल जेवली नाही.

१२ ऑक्टोबर
नवा बेत: खारींच्या आधी सगळी पेकानं आपणच पाडायची. मेव्हण्याकडे, वेल्डनकडे, खोड धरून गदागदा हलवणारं मशीन आहे. तो म्हणाला, "दाजी, टरफलं अजून हिरवी आहेत, परवाच पाऊस झालाय. खोडात रस आहे. आत्ता धरलंत तर साल हातात येईल. जरा महिनाभर गप्प बसा की." जळतो माझ्यावर.

१४ ऑक्टोबर, रविवार
वेल्डन चर्चला गेला होता. किल्ली मशीनलाच होती. खोड आवळलं, हलवलं. पेकानांचा दगडांसारखा मारा झाला, कपाळ फुटलं. दोन खारीही पडल्या. जोर आला म्हणून आणखी आवळून पुन्हा हलवलं.
मशीनचा जबडा सोडला तेव्हा साल त्यालाच चिकटून आली. खोडाभोवती पूर्ण, वीतभर रुंद. आतलं लाकूड पांढरं, ओलं.
वेल्डन आला. मी खुलासा सुरू केला. त्याने एकाच ठोशात दात पाडला. टाय घातलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.

१५ ऑक्टोबर
खोडाला गोणपाट आणि चिकटपट्टी बांधली. भरून येईल. सासरेबुवांनी काठीने ठोकून पाहिलं. म्हणाले, "वसंतात सवयीने पानं फुटतील. साल गोल गेली की मग संपलं." म्हाताऱ्याचा स्वभावच निराशावादी. वर्नेल खोडाला हात लावून घरात निघून गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी
वर्नेल आणि वेल्डनने आज झाडाच्या कोवळ्या काड्या कापून ओल्या फडक्यात बांधल्या. बी पेरून तसंच श्ले येत नाही, कलमच करावं लागतं. म्हणजे झाड वाचलं. मी म्हटलंच होतं.
काड्या वेल्डनच्या गाडीत ठेवल्या. कलमं त्याच्या अंगणात करणार म्हणे. मी विचारलं, आपल्या अंगणात माझी स्टुअर्टची रोपं आहेत, त्यांच्यावर का नाही?
वर्नेल शांतपणे म्हणाली, "इथे तू आहेस, हॉइट." मग तिने स्वतःची बॅगही त्याच गाडीत ठेवली.