डबलसीटला पंचावन्न, एकट्याला बहात्तर

४ मार्च, मंगळ.
परत शिरोलीत गाडी मेली. नऊ टक्के दाखवत होती, तरी मेली. पुढनं मी ढकलतोय, मागनं आमच्या यंत्रमागाच्या शेडातले दिवाणजी, एका हातात डबा. पंक्चरवाल्याकडं तासभर चार्जिंगला लावली. इचलकरंजी जाऊन-येऊन साठ कि.मी. नवी होती तेव्हा नव्वद जायची. आता डबलसीट पंचावन्न. वैताग.

५ मार्च, बुध.
मिस्त्री म्हणाला, "बॅटरी म्हातारी झाली. नवी टाका, न्हायतर जपून चालवा." नवी यंदा जमणार नाही, पोरीचं कॉलेज आहे. शेडात चार्जिंगला मालक नको म्हणतो, कापूस उडतो, आगीची भीती. म्हणजे जपणं आलं. हवा पुरेपूर. इको मोड. अडतीसच्या वर नाही. रात्रभर चार्जिंग नाही. शेवटी मिस्त्री हळूच म्हणाला, "आणि मागचं वजन कमी करा."
मागचं वजन म्हणजे दिवाणजी. शहाण्णव किलो.

८ मार्च, शनि.
सगळं केलं. लेगगार्डसुद्धा काढला. ट्रॅक्टरवाला पुढं जाता जाता ओरडला, "पावणं, गाडी चालू हाय न्हवं?" एवढं करून अठ्ठावन्न. दोन कमीच.
अतिग्र्याच्या चढाला दिवाणजी आपणहून उतरले. "तू हो म्होरं, मी येतो चालत." वर थांबलो. धापा टाकत आले. एकसष्ट वय. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. याच माणसानं वीस वर्षांपूर्वी मला शेडात लावून घेतलं. तेव्हापासून आमचं येणं-जाणं बरोबर.

९ मार्च, रवि.
ही म्हणाली, "सांगा की त्यास्नी सरळ. येस्टी हाय की."
तोंड उघडत नाही माझं.

१० मार्च, सोम.
सकाळी फोन केला. गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, तुम्ही एस.टी. धरा, मी येतो कसाबसा. "बरं," म्हणाले. एकटा निघालो. गाडी शेडापासून लांब, चहाच्या टपरीमागं लावली. साठ करून घरी आलो तरी अजून बारा कि.मी. दाखवत होती. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

११ मार्च, मंगळ.
चोकाकच्या अलीकडं अडतीसनं चाललो होतो. मागनं एस.टी. आली, सावकाश पुढं गेली. खिडकीत दिवाणजी. ते बघत राहिले. मान मीच फिरवली. जोरात चालवली असती तर एस.टी.च्या पुढं राहिलो असतो, पण मग बॅटरी...
हजेरीची वही त्यांच्याकडंच. माझं नाव लिहिताना वर बघितलं नाही. दिवसभर मागावर हात चालेना, दोनदा धागा तुटला.

१२ मार्च, बुध.
सुटताना गेटवर गाठलं त्यांनी.
"एकट्याला किती जाती?"
"बहात्तर."
"मग चांगलं हाय की." डबा दुसऱ्या हातात घेतला. "मला सांगायचंस रं. मी काय न्हाय म्हटलं असतं?"
ते स्टँडकडं चालायला लागले. मागनं ओरडलो, "दिवाणजी, उद्या सातला कोपऱ्यावर थांबतो!" मागं न बघता हात वर केला. हो म्हणून का राहू दे म्हणून, कळलं नाही.
दोघांना पुरत नाही, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. तरी सातला जाऊन थांबणार.