मला सापडलेलं निळं फूल

रविवार, ४ ऑगस्ट. सकाळी ६.१०
आजपासून रानफुलांचा अभ्यास. वर्षात दोनशे जाती ओळखायच्या, मग पुस्तक. बायको बरोबर येते म्हणाली. म्हटलं ये, पण मध्ये मध्ये बोलू नकोस. निरीक्षणात खंड पडतो.

दुपारी
जंगलवाटेवर सात फुलं ओळखली. पैकी पाच मोबाइलच्या ॲपने भलतीच सांगितली. ॲपचं काही खरं नाही. परतताना ओढ्याकाठी बायको अचानक खाली बसली. गुडघा धरला असेल म्हणून ओरडलो. बघतो तर नखाएवढं निळं फूल, आत पिवळे ठिपके. ॲपने हात टेकले. म्हणजे नवी जात! आणि शोध माझा. (आधी तिला दिसलं, पण फोटो मी काढला.) ती म्हणाली, एकच रोप आहे, राहू द्या तिथंच. मुळासकट उपटलं. शास्त्र भावनेवर चालत नाही.

सोमवार, ५
फूल तोडून जाड शब्दकोशात दाबलं, बाकी रोप फेकलं. नव्या जातीच्या नावात आमचं आडनाव लॅटिनमध्ये बरं दिसेल. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले वा, आणि मार्चचा रिपोर्ट कुठाय? क्षुद्र माणूस.

बुधवार, ७
मेहुण्याच्या ओळखीने कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना अकरा फोटो पाठवले. त्यातल्या नऊ फोटोंत माझा अंगठा आलाय. आकाराचा अंदाज येतो, हा फायदाच.

रविवार, ११
बाई भिंग घेऊन घरी आल्या. शब्दकोश उघडला. फूल काळं पडून पानाला चिकटलेलं. बाईंनी विचारलं, पानं समोरासमोर होती की एकाआड एक? म्हटलं, हिरवी होती. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, समोरासमोर, देठाला बारीक लव, आणि वास लिंबासारखा. बाईंनी लगेच वही काढली. म्हणाल्या, हे फूल या जंगलात चाळीस वर्षांत कुणाला दिसलेलं नाही. रोप एकच होतं का? बायको माझ्याकडे बघत राहिली. मी चहा टाकायला उठलो.

रात्री बायको ताट अर्धं टाकून उठली. पित्त झालं असावं.

रविवार, १८. सकाळी ६
बाई आणि बायको ओढ्याच्या वरच्या अंगाला शोधायला निघाल्या. मी बूट घालून तयार. बाई म्हणाल्या, तुम्ही कृपया घरीच थांबा. मुख्य संशोधकाने एका जागी असलेलं बरं, हे पटलं.

दुपारी १.२०
बायकोचा फोन. तीन रोपं सापडली! हसतेय की रडतेय कळेना. म्हटलं, शाब्बास, नेमकी कुठे?
म्हणाली, तुम्हाला नाही सांगणार.