अडतीस इंचांचं स्टँड

प्रिय धाकट्या,

परवा मशीन आलं. तू फोटो पाठवला होतास ते नव्हे, मी निवडलं ते. आप्पांनी तुला कळवलं नसणार. मी फोन करत नाही, कारण फोन त्यांच्या उशाशी असतो आणि तू फोनवर हसून विषय बदलतोस. कागदावर ते जमणार नाही. नीट बसून वाच.

तू सुचवलेला बेल्ट ग्राइंडर मी प्रत्यक्ष जाऊन पाहिला. तुझा मान ठेवायला नव्हे, आप्पांची भुणभुण थांबवायला. आपल्या पॉलिशवाल्या मामांना सोबत नेलं आणि कठड्याचा हातभर पाइप पिशवीत घातला, जोडावरचा वेल्डिंगचा उंचवटा तसाच ठेवून. विक्रेत्याने मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मोटरची ताकद समजावून सांगितली. मी उभीच. शेवटी मामा म्हणाले, "मी नुसता सोबतीला आलोय, साहेब. घासणार त्या, निवडणार त्या, आणि वाईट निघालं तर इथे येऊन बोलणारही त्याच." मग माझ्यासाठी खुर्ची आली. ती मी घेतली नाही. पाइप पट्ट्यावर धरला आणि अंगाचा भार टाकला. पट्टा दोनदा गुरगुरला आणि थांबला. आत मोटर फिरते आहे आणि पट्टा जागच्या जागी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं ते तुझं मशीन. तू पट्ट्यासमोर शेवटचा कधी उभा राहिलास, हे मी विचारत नाही. फोटोवरून मशीन निवडतोस, त्यावरून कळलं.

दुसऱ्या ठिकाणचा पट्टा धावताना चाकावरून एका बाजूला सरकत होता. तिसरं मशीन दिसायला ओबडधोबड, पण सांगाडा बिडाचा, हलता हलत नाही. पट्ट्याचा वेग कमी-जास्त करता येतो, त्यामुळे स्टील तापून निळं पडत नाही. धूळ ओढायला मागे पंखा आहे. थांबवायचा खटका पायाशी आहे, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असले तरी बंद करता येतं. तो खटका मी चार वेळा दाबून पाहिला. का, ते पुढे लिहिते. मी घासलेल्या जागेवरून मामांनी अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. मामा बोलले नाहीत म्हणजे पसंत.

काम कसलं आहे तेही तुला माहीत नसेल. हॉस्पिटलच्या तीन मजल्यांच्या जिन्याचे कठडे. आजारी माणसं ते धरून चढणार. तिथल्या मुख्य परिचारिका तपासायला येतात त्या हातात कापसाचा बोळा घेऊन. पाइपवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोळा फिरवतात. एक तंतू जरी अडकला तरी तो पाइप परत. मला बाई आवडल्या. पण जुनं मशीन बंद पडल्यापासून आम्ही हातातल्या छोट्या ग्राइंडरवर काम ओढत होतो, आणि त्याने कितीही जपून घासलं तरी लाटा उठतात. दर तीन पाइपांतला एक परत येत होता. "तुमच्याकडे पूर्वी एक जण होता ना, त्याचं काम फार छान असायचं," असं त्यांचा इंजिनिअर मला म्हणाला. मी म्हटलं, होता.

जुन्या मशीनची फ्रेम तडकली त्याला आता अडीच महिने झाले. त्याच आठवड्यात आप्पांनी तुला फोन केला आणि तू म्हणालास, "घाई करू नका, मी येतो, मी बघून घेतो." झालं. देवाने कौल दिल्यासारखं त्यांनी ते धरून ठेवलं. तू एक तारीख दिलीस, ती गेली. दुसरी दिलीस. तिसऱ्या तारखेला ते सकाळपासून वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. परत आलेल्या पाइपांचा ढीग त्यांच्या मागे होता. त्यांनी त्याकडे पाठ केली होती.

मी काही विसरत नाही, हा माझा जुना दोष. तू शिकावंस म्हणून आप्पांनी तुला पट्ट्यापाशी उभं केलं तेव्हा मीही म्हटलं होतं की मलाही शिकवा. ते म्हणाले, तू कॉलेजात जा, तुझं डोकं चांगलं आहे. मी गेले. पदवी घेतली, शाळेत एकवीस वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, घर्षणाचा धडा तोंडपाठ. मग तू सहा महिन्यांसाठी म्हणून जहाजाच्या कारखान्यात गेलास आणि सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली. मी नोकरी सोडली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मामांच्या हाताखाली पहिला पाइप धरला. पहिले चार महिने मी घासलेलं मामा पुन्हा घासत होते. आता घासत नाहीत. तुझ्या कामाला आप्पा आरसा म्हणायचे. माझ्या कामाला ते "ठीक आहे" म्हणतात. नऊ वर्षांत तो शब्द बदललेला नाही.

जुन्या मशीनखालचा चौथरा तुला आठवत असेल. तुझ्या कोपराचं माप घेऊन आप्पांनी तो ओतून घेतला होता, कारण पट्टा कोपराच्या उंचीला असला तर खांदा दुखत नाही आणि हात घसरत नाही. ते बरोबरच होतं. तू ताडमाड, मी ही एवढीशी. तू गेल्यावर मी म्हटलं, चौथरा फोडून मशीन खाली घेऊ. आप्पा म्हणाले, "तो आला की पुन्हा वर घ्यायचं का?" म्हणून मी सहा इंची लाकडी पाट करून घेतला आणि त्यावर उभी राहून काम केलं. धावत्या पट्ट्यासमोर पाटावर उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. शाळेत कुणी मुलाने असं केलं असतं तर मी त्याच्या पालकांना बोलावलं असतं. इथे पालकच समोर बसले होते.

गेल्या वर्षी पाट सरकला. डावं मनगट पट्ट्यावर गेलं, बंद करायच्या खटक्यापर्यंत दुसरा हात पोचेना, आणि कातडी सोलून निघाली. दोन मिनिटं मला आतलं पांढरं दिसत होतं. तीन आठवडे पट्टी होती. आप्पांनी तुला सांगितलं, "तिला जरा खरचटलंय." ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डरला बोलावून पाटाच्या खाली रबर ठोकून घेतलं, पाट सरकू नये म्हणून. काळजीने केलं, मनापासून केलं. मशीन खाली घेऊ या, हे मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. मला त्या दिवशी मनगटापेक्षा ते रबर जास्त लागलं.

तर नव्या मशीनची गोष्ट. ते स्टँडवर बसतं आणि स्टँड आपणच वेल्ड करायचं होतं. दहा दिवसांपूर्वी वेल्डरने विचारलं, "पट्ट्याच्या उंचीला माप कुणाचं धरू?" आप्पा काठी टेकत पुढे आले आणि टेपकडे न बघता म्हणाले, "चव्वेचाळीस." मी म्हटलं, "अडतीस." वेल्डर एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "एकदाच काय ते सांगा ताई. लोखंड आहे, शिलाईचं काम नाही, उसवून परत शिवायला." मी टेप घेतली, भिंतीला टेकून सरळ उभी राहिले आणि माझं कोपर त्याला मोजायला लावलं. सगळ्यांसमोर. पावणेअडतीस भरलं. पाव इंच चपलेचा धरला. आप्पा वळले आणि घरी गेले. तेव्हापासून ते वर्कशॉपमध्ये आलेले नाहीत. परवा मशीन बसलं तेव्हाही नाही. शेजारच्या काकूंना म्हणाले, "थोरलीने त्याची जागा काढून टाकली." काकूंनी ते मला यथासांग पोचवलं, डोळे पुसत.

काल मी पहिल्यांदा जमिनीवर पाय ठेवून घासलं. तेरा पाइप झाले. बाईंनी आज बोळा फिरवला, तेराही ठेवून घेतले. हे मी घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि विचारलं, तुझा फोन आला होता का.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. तू परत ये म्हणून हे पत्र नाही. गेल्या रविवारीही त्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालास, "बघतो, पुढच्या महिन्यात नक्की." त्या "बघतो"वर ते महिनाभर जगतात, आणि त्या महिन्यात मी त्यांच्यासाठी तुझ्या जागेवर तात्पुरती उभी असलेली बाई असते. तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे. तुला त्यांना दुखवायचं नाही, म्हणून तू नऊ वर्षं त्यांना थोडं थोडं दुखवतो आहेस. येत्या रविवारी एकदाच स्पष्ट सांग की तू येणार नाहीस. कारणं देऊ नकोस, माझं नाव घेऊ नकोस, नंतर हसू नकोस. खरंच यायचं असेल तर फोन करू नकोस, येऊन त्यांच्या समोर उभा राहा. मी सांगून पाहिलं आहे, पण माझ्या तोंडून ते त्यांना मत्सराचं वाटतं. ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, रडतील, त्यांना सांभाळायला मी आहे. तुझा फोन साडेदहाला येतो. ते दहा वाजताच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसतात. फोनवर दाढी दिसत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझीच,
थोरली